कोणाचीही मदत न घेता

कोसाड आवास, अमरोली, सुरत
ता. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय आबा,

सप्रेम जयभीम वि. वि. आम्ही इकडे मजेत, तुम्ही आणि आजी तिकडे बोदवडला मजेत असाल असं धरून चालते.

माझी आख्खी शाळा इंग्लिश मीडियममध्ये गेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची भूल झाली तर हसू नका. हसलात तरी मला ऐकू येणार नाही, आणि तुम्हालाही. फोन लावला असता, पण पप्पा म्हणाले उपयोग नाही, आबांचे कान बमरोलीच्या लूमच्या, त्या यंत्रमागांच्या, आवाजाने खाल्ले. व्हॉट्सॲपवर तुम्ही फक्त अंगठा पाठवता. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या काकांनी मला दोनदा विचारलं की स्पीड पोस्ट नाही ना, आधार कार्डाचं काम नाही ना.

काम असं आहे. बीएससीच्या पहिल्या सेमला मेकॅनिक्सची दहा उदाहरणं घरून करून द्यायची आहेत. इंटर्नलचे मार्क्स त्याच्यावर. सबमिट केलं नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. नऊ झाली, चौथं अडलंय. एका ड्रमवर दोर गुंडाळलाय, दीड वेढा. ड्रम फिरत नाही. दोराच्या एका टोकाला शंभर किलो लटकतंय. घर्षणांक शून्य पॉइंट दोन. दुसऱ्या टोकाला कमीत कमी किती जोर लावून धरलं तर वजन घसरणार नाही?

क्लासमधले सगळे फोटो काढून ॲपमध्ये टाकतात, दोन सेकंदात जवाब येतो. माझ्या बाजूला बसते ती हर्षदा, तिने मला तिचा जवाब दाखवला. पंधरा किलोच्या जरा वर. पण त्यात मधेच e येतो, तो दोन पॉइंट सातवाला आकडा, आणि तो कुठून आला ते कोणालाच माहीत नाही. दोर आहे, ड्रम आहे, त्यांच्यामध्ये हा e कसा घुसला? हर्षदा म्हणते, उतार ना यार. माझ्याने नाही उतरवलं जात. जे कळलं नाही ते माझ्या चोपडीत मी का ठेवू?

पप्पा म्हणाले, दोर आणि वजन हे आबांचं खातं आहे, त्यांना लिही. म्हणून लिहिलं. माया आहेच तुमची, ती पोस्टाने लवकर पाठवा.

तुमची,
चैताली

*

मु. पो. बोदवड, जि. जळगाव
ता. ९ ऑगस्ट २०२५

चि. चैताली हिस,

मंगल कामना. पत्र पोचलं. दीर्घाच्या अकरा चुका आहेत, खाली लाल पेनाने लावल्या आहेत. आजीने पत्र आधी उलटं धरून पाहिलं, मग मला वाचायला दिलं, तिचा चष्मा सापडत नव्हता.

हा e कोण मला ठाऊक नाही. मी दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण दोराला मी ओळखतो. आमच्या जुन्या लूमच्या मागे ताण्याचा बीम असायचा, त्याच्यावर हजारो धागे गुंडाळलेले. तो आपोआप फिरू नये म्हणून टोकाला दोर गुंडाळून वजन लटकवायचे. नवा कारागीर आला की वजनावर वजन चढवायचा. मी म्हणायचो, वजन काढ आणि एक वेढा वाढव. त्याला वाटायचं मास्टर येडा झाला.

उत्तर मी सांगणार नाही, कारण मला येत नाही. पण विचारतो, ते करून बघ. एक पाईप आडवा घट्ट बांध. दोराला एक वेढा दे, एका टोकाला एक लिटरची भरलेली बाटली लटकव, दुसऱ्या टोकाला बादली. बादलीत पाणी ओतत जा. एक लिटर किती लिटरला धरतो? मग दोन वेढे दे. आता त्याच्या दुप्पट धरतो का, हे ओतायच्या आधी लिहून ठेव. मग जाड पाईप घे. फरक पडतो का? आणि शेवटचं, दोर बादलीपासून बाटलीपर्यंत जातो, तर त्याचा ताण एकदम कमी होतो का हळूहळू, आणि हळूहळू म्हणजे कसा?

तुझ्या बापाला, नरेंद्रला सांग, इच्छापोरच्या कामावर कानात कापूस घालत जा. तो ऐकणार नाही, तरी सांग.

आठवण आहे, ती दोन्हीकडून राहो.

तुझा आबा,
श्रीपत

*

कोसाड आवास, सुरत
ता. १७ ऑगस्ट २०२५

प्रिय आबा,

सप्रेम जयभीम. आलं. आलं. मला e भेटला.

गॅलरीच्या रेलिंगला प्लंबरकडून आणलेला पाईप बांधला. पहिल्या वेळी बादली सुटून खाली दुसऱ्या माळ्याच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडली, त्यावरून रंजनाकाकी अजून आमच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या वेळी आईने बादलीखाली हात धरला. एका वेढ्याला एक बाटली साडेतीन लिटरपर्यंत धरते. मी वहीत लिहिलं, दोन वेढ्यांना सात. आबा, सात झाले, आठ झाले, दहा झाले, बादली हलेना. बाराच्या आसपास सरकली. आई म्हणाली ही तर जादू आहे. मी म्हटलं नाही, साडेतीनच्या साडेतीन पट आहे. वेढे मिळवायचे नसतात, गुणायचे असतात.

जाड पाईपने काहीच फरक पडला नाही. मला राग आला, मी तीनदा केलं.

मग तुमचा शेवटचा प्रश्न घेऊन बसले. दोराचा इवलासा तुकडा घेतला. तो जितका ताणलेला तितकाच जोरात ड्रमला चिकटतो, आणि जितका चिकटतो तितका ताण कमी करतो. म्हणजे प्रत्येक तुकडा आपल्या वाट्याला आलेल्या ताणातूनच हिस्सा खातो. असं आपल्या आपल्याच हिश्शाने कमी होत जाणारं काहीही असलं की e येतोच. दोन पानं इंटिग्रेशन केलं. पंधरा पॉइंट दोन. जवाब तोच, पण आता माझा.

आता भांडण ऐका. सबमिट करायच्या दिवशी मेकॅनिक्सच्या उज्ज्वला मॅडमनी प्रत्येकाला शेवटचं पान दिलं. त्यावर छापलंय की हे काम मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता केले आहे. खाली सही. सगळ्यांनी केली. आबा, ॲपने जवाबाच्या वर लिहिलं होतं की नक्कीच, मी तुम्हाला यात मदत करतो. तिघांनी ती ओळसुद्धा उतरवली आहे. आणि खाली सही, कोणाचीही मदत न घेता.

मी नाही केली. मॅडमना म्हटलं, मदत घेतली आहे, माझ्या आबांची, ते लूम मास्टर होते, त्यांचं नाव लिहीन आणि मग सही करीन. त्या म्हणाल्या, फॉरमॅट कॉलेजचा आहे, त्यात नावाला जागा नाही, आणि सगळे गप सही करतात तर तुलाच काय झालं. मी म्हटलं, सगळे खोटं लिहितात. ते मी जरा जोरात म्हटलं. आता माझी फाईल त्यांच्या टेबलावर वेगळी पडली आहे. पप्पा म्हणतात एक सही करून टाक, कोण बघतंय. मी जेवले नाही त्या दिवशी. म्हणजे रात्री जेवले.

तुम्ही तरी माझ्या बाजूने लिहा.

तुमची हट्टी,
चैताली

*

मु. पो. बोदवड
ता. २२ ऑगस्ट २०२५

चि. चैताली हिस,

मंगल कामना. मिळवायचे नसतात, गुणायचे असतात, हे वाक्य मी आजीला चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी ती कानाशी येऊन म्हणाली, कळलं, आता पाणी भरा.

बाकी भांडणाबद्दल. सही कर आणि मोकळी हो. मी फक्त चार प्रश्न विचारले, ते तर कोणीही विचारतं. माझं नाव कॉलेजच्या कागदावर येऊन काय होणार? उलट मॅडम म्हणतील लूमवाला म्हातारा बीएससीचं शिकवतो. तू दहा वर्षं पुढे बघ. एमएससी करायची आहे ना? कागद पुढे आला की सही करायची असते. त्यात वाचण्यासारखं काही नसतं. मीही केल्या आहेत.

रंजनाकाकीला पापडाचं पीठ नेऊन दे. स्वतः जा, आईला पाठवू नकोस.

रागावू नकोस, माझ्यावर तर नाहीच.

तुझा आबा,
श्रीपत

*

याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर:

चैताली बाई,

आजीचा जयभीम. तुझ्या आबानं पाकीट चिकटवून ठेवलं होतं, मी उघडून हे आत टाकून राहिली. त्याइले सांगू नको.

सही कर म्हणते तो, पण तुले एक सांगते. लूमवरून काढलं तेव्हा शेठच्या माणसानं गुजराती कागद आणला होता. तुझ्या आबाले गुजराती वाचता येते, तीस वर्षं राहिला ना तिथं. पण त्यानं वाचला नाही. उभ्या उभ्या सही केली अन् आला. मग तुझ्या बापानं घरी त्याची कॉपी वाचली. त्यात लिहेल होतं का याचे कान लहानपणापासूनच अधू होते, कामाचा काही संबंध नाही. अन् लग्नात हाच माणूस अंगणातून मांडवातलं बोलणं ऐकत होता, मले माहीत आहे ना.

त्या दिवसापासून त्या कागदाचं नाव घरात काढू देत नाही. तू काय करायचं ते तुझं तू पाय. मी काही सांगत नाही, मी फक्त लिहिलं.

जीव लावून अभ्यास कर, अन् जेवत जा.

तुझी आजी,
केशर

*

कोसाड आवास, सुरत
ता. ३० ऑगस्ट २०२५

प्रिय आबा,

सप्रेम जयभीम. रागावले आहे, तुमच्यावरच. तरी लिहिते.

पीठ नेऊन दिलं. रंजनाकाकींनी मला बसवून चहा दिला आणि वेढ्यांचं सगळं विचारलं. त्यांनी विचारलेलं आमच्या क्लासमध्ये कोणी विचारलं नव्हतं, की दोर ओला असला तर? मला येत नाही. बघणार आहे.

मी सही केली नाही आणि करणार नाही. सोमवारी मॅडमनी बोलावलं. डिपार्टमेंटचे हेडसर पण होते. हेडसर म्हणाले, मदत घेतली असेल तर काम तुझं कशावरून. मी म्हटलं, बोर्डावर घ्या. त्यांनी नवीन उदाहरण दिलं, तीन वेढे आणि घर्षणांक वेगळा. मी तुकड्यापासून सुरुवात केली. मधे इंग्लिश सुटलं, गुजरातीत गेले, मग काय भाषेत बोलले मलाच माहीत नाही, पण e आला. हेडसरनी विचारलं, ड्रम जाड घेतला तर? मी म्हटलं, सर, तीनदा करून पाहिलंय, पापडवाल्या काकी साक्षीला आहेत. मॅडम हसल्या. हेडसर नाही हसले.

मग मॅडम म्हणाल्या, ठीक, ती ओळ खोड आणि खाली खरं काय ते लिही. पण ज्यांनी मदत केली त्यांनी काय मदत केली ते स्वतः लिहून सही करायची. त्यांनी तुमचा नंबर मागितला. मी सांगितलं की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मग ओरिजिनल कागदच आणायचं ठरलं, बारा सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर नाही.

तो कागद या पाकिटात आहे. वरचा भाग मी लिहिलाय: हर्षदाच्या ॲपचा जवाब बघितला, कळला नाही, सोडून दिला. हे उदाहरण मला माझ्या आबांनी शिकवलं. खालची जागा रिकामी आहे.

तुम्ही म्हणता कोणीही चार प्रश्न विचारतं. कोणी विचारले? सदतीस जणांच्या क्लासला कोणी विचारले? तुमचं नाव लपवून मला पास व्हायचं नाही. नाव छोटं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ते तुमचं मत, माझं नाही.

कागद नीट वाचा, आबा. माझं काही चुकलं असेल तर खोडा. पटलं नाही तर कोराच परत पाठवा, मी वर्ष घालवीन आणि पुढच्या वर्षी परत हेच भांडेन. पण न वाचता सही केलीत तर मी ती घेणार नाही.

तुमचीच, आणि तरीही हट्टी,
चैताली

*

मु. पो. बोदवड
ता. ५ सप्टेंबर २०२५

चि. चैताली हिस,

मंगल कामना. पत्र काल दुपारी आलं. मी दोन तास ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. आजीने हाक मारली असेल, मला ऐकू आली नाही. तिने पाकिटात काय टाकलं होतं ते मी विचारलं नाही. डिंक ती नेहमी जास्त लावते.

कागद वाचला. एक दुरुस्ती केली आहे. तू लिहिलंस की मला आबांनी शिकवलं. ते खोडलं. मी शिकवलं नाही. त्याच्या जागी लिहिलं आहे की आबांनी चार प्रश्न विचारले, उत्तरं मी शोधली. हेच खरं आहे, आणि मला हे जास्त आवडलं.

खाली माझ्या हाताने लिहिलं ते इथेही उतरवतो, म्हणजे वाटेत काही झालं तर तुझ्याकडे राहील. मी, श्रीपत मोतीराम तायडे, लूम मास्टर, बमरोली, सुरत येथे एकतीस वर्षं काम केलं. हे उदाहरण मला सोडवता येत नाही. दोर आणि वजन यांच्याबद्दल मला जे माहीत होतं त्यावरून मी नातीला प्रश्न विचारले. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहून देत आहे. माझे कान लूमच्या आवाजाने गेले. लहानपणापासून ते चांगले होते.

शेवटच्या दोन ओळींचा गणिताशी काय संबंध, असं मॅडम विचारतील. विचारू दे. माझी सही खाली पाहिजे असेल तर वरचं सगळं खरं पाहिजे. लिहायला उशीर झाला, सतरा वर्षं. कागदही भलताच आहे. पण पुढे आलेला हाच आहे, आणि हा मी वाचला.

सकाळी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. पोस्टमास्तर रामदास कानाशी ओरडून विचारत होता कोर्टाचं काम आहे का. मी म्हटलं, कॉलेजचं.

त्या दोन ओळी कोणी खोडायला सांगितल्या तर तू खोडू नकोस. म्हण, ज्याने लिहिल्या त्याला विचारा. पत्ता वर दिला आहे.

तुझा आबा,
श्रीपत मोतीराम तायडे