अर्ध्या घोड्याचा कागद

बाबा, कुक्षीच्या तहसील कचेरीतला तो बाबू तुम्हाला आठवत असेल. तोंडातलं पान सांभाळत बोलायचा, आणि येताना पिशवीभर पपया घेऊन यायचा. मागच्या सोमवारी तो माझ्याकडे आला होता. आता रिटायर झालाय, दात नवे बसवलेत, पान सुटलंय. मोटारसायकल मात्र तीच, लाल टाकीची, जिच्या इंजिनावर तुम्ही शेवटचं म्हणून केलेलं हेड बसवून दिलं होतंत. टेम्पोत घालून पीथमपूरपर्यंत आणली त्याने. धूर मारते, चढावर दम नाही, असं सगळं सांगून झालं आणि मग टाकीवर हात ठेवून म्हणाला, "बेटा, पिताजी ने जैसा बनाया था ना, बस वैसा ही कर दो. अपने को दूसरा कुछ नहीं चाहिए." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि अजून तुमच्या हातचं काम मागत माणूस शंभर किलोमीटर येतो. मला अभिमान वाटायला हवा होता. मी गाडीकडे बघायचं टाळलं.

कारण त्या हेडच्या ताकदीचा जो कागद तुम्ही शेवटपर्यंत शर्टाच्या खिशात घेऊन फिरलात, त्यावरचा आकडा खरा नव्हता. तो मी वाढवला होता. हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. आज तुम्हाला लिहितेय. मराठीत लिहितेय, म्हणजे माझ्या मुलाच्या हाती लागलं तरी त्याला दोन ओळींच्या पुढे वाचता येणार नाही. तुम्ही असतात तर यावरून मला फैलावर घेतलं असतंत, मला ठाऊक आहे. पण आज ते सोयीचं आहे.

देवासचं टेकडीखालचं दुकान मला वासासकट आठवतं. घासलेट, जळालेलं ऑइल, आणि ॲल्युमिनियमचा तो कोरडा वास, जो आई तुमच्या शर्टांतून कधीच काढू शकली नाही. कंपनीचं हेड ज्यांना झेपत नसे ते लोक लोकल ओतीव हेड घेऊन यायचे. वरून चकचकीत, आतून खडबडीत, एका बाजूची भिंत जाड तर दुसरीकडची पापडासारखी. तुम्ही ते कानाशी धरून नखाने टिचकी मारायचात आणि गिऱ्हाइकाला सांगायचात, "भिया, इसको पहले समझना पड़ेगा, फिर हाथ लगाऊँगा." इंजिनात हवा ज्या वाटेने शिरते ती वाट, म्हणजे पोर्ट, हँड ग्राइंडरने थोडी थोडी मोकळी करायची, हे तुमचं काम. आणि माझी करंगळी बारीक, म्हणून आत बोट घालून उंचवटा कुठे राहिलाय ते सांगायचं, हे माझं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि करंगळी पुढे करायची. मैत्रिणी नेलपॉलिश लावायच्या त्या वयात माझं ते एक नख कायम काळं असायचं. मी तुमच्यावर चिडायचे, पण तुम्ही हाक मारली नाहीत तर जास्त चिडायचे.

आणि ते मेणाचे साचे! काम झालं की पोर्टात मेण ओतायचं, थंड झालं की त्याचा आकार अलगद बाहेर काढायचा आणि जपून ठेवायचा. पुढच्या वेळी तसंच हेड आलं तर तुमचं तुम्हालाच बघता यावं म्हणून. देवासच्या उन्हाळ्यात मेण टिकत नाही, म्हणून ते सगळे आईच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. आत्याने एकदा खरवस समजून त्याला चमचा लावला होता. आई म्हणाली, "खा हो वन्सं, तुमच्या भावाच्याच हातचा आहे." तुम्ही हसला नाहीत. साच्यावर चमच्याचा ओरखडा आला म्हणून दोन दिवस बहिणीशी बोलला नाहीत.

पॉलिटेक्निकला गेले आणि मला अक्कल आली, असं मला वाटलं. तुम्ही पोर्ट आतून आरशासारखा घासायचात, आणि मला पुस्तकातून कळलं होतं की आत येणाऱ्या हवेला तेवढं गुळगुळीत लागत नाही, उलट वाट फार मोठी केली की रोजच्या, हळू चालणाऱ्या गाडीचा दमच जातो. हे मी एका गिऱ्हाइकासमोर बोलले. "बाबा, हवेला आरसा लागत नाही," असं, अगदी ठसक्यात. तुम्ही ग्राइंडर बंद केलात. "गिऱ्हाइकाला लागतो ना," म्हणालात, आणि मग, "आणि बापाला शिकवायचं तर घरी शिकव, चहा पिताना. दुकान मेरा है अभी." मी तणतणत बाहेर गेले. तो चहा आपण कधी प्यायलोच नाही. म्हणजे चहा रोज प्यायलो, पण तो विषय मी पुन्हा काढला नाही, आणि तुम्हीही नाही.

मग मला पीथमपूरच्या या शेडमध्ये डायनोवर नोकरी लागली. गाडीचं मागचं चाक रोलरवर घ्यायचं, पट्ट्यांनी आवळायचं, पूर्ण रेस द्यायची, की पडद्यावर रेघ चढत जाते आणि चाकापर्यंत ताकद किती पोचली ते दिसतं. त्याच सुमारास इंदूरची पोरं संगणकावर कोरलेली हेडं आणू लागली होती. त्यांतला एक तुमच्या दुकानात येऊन म्हणाला होता, "काका, हाथ का काम तो ठीक है, ग्राफ है क्या आपके पास?" हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. आईने सांगितलं. त्या पोराला पाणी देऊन तुम्ही परत पाठवलंत आणि त्या दिवशी जेवला नाहीत, असं म्हणाली. पुढे तुमच्या छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी ग्राइंडरला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि तुम्ही शहाण्या माणसासारखी मान हलवून घरी आलात आणि कुक्षीच्या बाबूने दिलेलं दुसरं हेड घेऊन बसलात. "हे शेवटचं," म्हणालात. "हे तुझ्या मशीनवर चढवू."

तो दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की आता त्यातलं किती खरं आणि किती मी घातलेलं, ते सांगता येत नाही. उन्हाळा लागलाय. सकाळी आपण ती गाडी जुन्या, हात न लावलेल्या हेडवर चालवतो आणि आकडा घेतो. तो आकडा चोख आहे, त्याला मी हात लावलेला नाही. मग तुम्ही शेडच्या दारात बारदान पसरून हेड बदलायला बसता. मी मदतीला येते तर म्हणता, "तू तुझं मशीन बघ." नट आवळताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवता, आणि मी बघतेय असं दिसलं की तो हात शर्टाला पुसता. तुमच्या तयार पोर्टात मी करंगळी घातली होती तेव्हाच माझा चेहरा पडला होता. वाट फार मोठी झालीय, असं मला वाटलं. आरसा तर होताच. ही गाडी खालच्या रेसला रडणार, अशी माझी खात्री झाली.

आता यात माझा हात कुठे शिरला ते सांगते. गरम हवा पातळ असते, तिच्यात गाडी जरा कमी ताकद देते. म्हणून मशीन हवेचं तापमान बघून आकड्यात थोडी भर घालतं, आजारी पोराला मास्तर चार गुण वाढवून देतो तसं. त्या आठवड्यात तापमानाची वायर उंदराने कुरतडली होती, आणि मी भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा वाचून हाताने घालत होते. जास्त तापमान घातलं की जास्त ताकद छापून येते. इतकं सोपं. तुम्ही गाडीच्या पलीकडे स्टुलावर बसला होतात. म्हणालात, "मला खरं सांगशील ना?" मी म्हणाले, "मशीन सांगेल, मी कशाला सांगू?" किती हुशार उत्तर होतं! ताकास तूर लागू दिली नाही मी.

अर्धा हॉर्सपॉवर जास्त आला. कागद प्रिंटरमधून निघाला तो गरमच तुम्ही हातात घेतलात, उलटा धरलात, सुलटा केलात. घरी आईला दाखवलात तर ती म्हणाली, "अर्धा घोडा? पुढचा की मागचा?" आणि तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. त्यानंतर तुम्हाला आवरणं कुणालाच जमलं नाही. टेकडीखालच्या प्रत्येक टपरीवर तो कागद उलगडला गेला. इंदूरच्या पोराकडेही मुद्दाम जाऊन आलात. आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. शेवटचं म्हणून झालेल्या हेडनंतर तुम्ही आणखी चार हेडं केलीत, सगळी तशीच, मोठी आणि चकचकीत. मी थांबवू शकले नाही. काय सांगून थांबवणार होते? पाचव्या महिन्यात तुम्ही गेलात. आई अजून म्हणते, माणूस आनंदात गेला. मी मान हलवते. डॉक्टरांनी नको म्हटलेल्या यंत्रापाशी तुम्हाला त्या कागदाने परत बसवलं, असं माझ्या मनात येतं, आणि ते कुणापुढे बोलायची सोय नाही.

म्हणून बाबू गाडी घेऊन आला तेव्हा भीती तर वाटलीच, पण तिच्यामागून एक आशाही आली, हे कबूल करते. म्हटलं, तेच हेड, तीच गाडी. वॉल्व आणि त्यांच्या बैठका नीट करू, पुन्हा रोलरवर चढवू, आणि या खेपेला जे असेल ते बघू. मंगळवारी हेड उतरवलं. करंगळी आत घातली. आता ती पहिल्यासारखी बारीक राहिलेली नाही, पण जाते. आत तुमचा आरसा नव्हता बाबा. खाचा होत्या, कटर थरथरत फिरवल्याच्या, भिंत एका जागी इतकी पातळ की टिचकी मारायलाही मी धजले नाही. फोन लावला तर बाबू म्हणतो, "अरे हाँ, वो धरमपुरी में एक मिस्तरी है, उसने बीच में थोड़ा और खोल दिया था. बोला, अभी और दौड़ेगी." मी विचारलं, त्याच्या आधी कशी पळायची? "मस्त! डही वाले घाट पे तीन सवारी लेके चढ़ती थी." हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, हा बाबू दर वेळी टाकी भरली की गाडी जास्त पळते असंही सांगायचा.

साचा असता तर निभावलं असतं. मेणावरून मी तुमचा पोर्ट पुन्हा जसाच्या तसा मापला असता. पण तुमच्या दिवसकार्यात घरात पन्नास माणसं, त्यात दोन दिवस लाईट नव्हती, आणि आईने फ्रिज उघडला तेव्हा तुमचे सगळे साचे एकमेकांत बसून एकच गोळा झाला होता. तिने तो फेकला नाही, मीच फेकला.

शनिवारी बाबू गाडी न्यायला येणार आहे. "पिताजी जैसा" करून देते असं मी त्याला सांगून बसलेय. पातळ जागी वेल्डिंग भरून मी माझ्या अंदाजाने पोर्ट करीन, तो बरा होईलही, आणि बाबू तो तुमचा म्हणून कुक्षीला घेऊन जाईल. याहून वेगळं काही मला करता येत नाही.

आता एकच राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला अशी गोष्ट सांगत आलेय की पडद्यावर आकडा कमी आला, तुमच्या तोंडाकडे बघवलं नाही, म्हणून मी तो वाढवला. दयेपोटी. तसं झालं नव्हतं. तुम्ही शेवटचा नट आवळत होतात तेव्हाच मी मशीनमध्ये तापमान वाढवून ठेवलं होतं, गाडी सुरू व्हायच्या आधी. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे मी पाहिलंसुद्धा नाही, नाहीतर निदान उलटा हिशोब करून खरा आकडा काढता आला असता. तुमचं हेड चांगलं होतं की वाईट, मला माहीत नाही. कदाचित तो अर्धा घोडा खरंच तुमचा होता. मी त्या दिवशी तुमचं काम तपासलंच नाही बाबा, तपासल्यासारखं केलं.