शिंदेबाईंचं ‘मग? पुढं?’

शिरूर, शनिवार, एप्रिलअखेर

वर्षभरात इंग्रजीच्या तासाला काय आवडलं, ते आज सातवीच्या पोरांकडून चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं. स्तुती वाचायची हौस, दुसरं काय! तर चिठ्ठीचिठ्ठीत वरवंडच्या शिंदेबाई. मी दौंडला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा माझ्या जागी आलेल्या. पंधरा दिवस फक्त! मी वर्षभर क्रियापदं घोकून घेतली, ती कुणालाच आठवली नाहीत.

केंदूरच्या सोनालीनं लिहिलंय, ‘बाईंनी घरचं सांगायला लावलं. मी म्हणाले, लाइट केम, वुई गेव्ह वॉटर टू ओनियन. बाई म्हणाल्या, मग? पुढं?’

मग म्हणे! इंग्रजीत कांद्याला पाणी ‘देत’ नाहीत, असं सांगून मी तिला जूनमध्येच खाली बसवलं होतं. त्यानंतर माझ्या तासाला तिनं तोंड उघडलेलं आठवत नाही. बाईंपुढं मात्र तो कांदा पार बाजारापर्यंत नेला, तोही इंग्रजीतून.

दुपारी हेडमास्तर म्हणाले, “सर, या पोरांचं आठवीचं इंग्रजी शिंदेबाईंना बोलावून त्यांना द्यावं म्हणतोय. तुमचं मत काय?”

“बाई चांगल्या हायेत, पण व्याकरण लई कच्चं.”

“व्हय का? मग ऱ्हाऊ द्या. तुम्हीच घ्या.”

बाईंचा एक तासही मी कधी ऐकलेला नाही. म्हणजे सोनालीला आणखी वर्षभर गप्प बसवलं मी, एका वाक्यात. आणि हेडमास्तरांनी तिथंच पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात माझं नाव घातलं तेव्हा गार वाटलं, हेही खरंच.