विमानाच्या पंखात वॅगनच्या पट्ट्या

आदरणीय धर्मपालदादांस,

नीलकंठचा सप्रेम जयभीम. वहिनींच्या गुडघ्याला आता आराम असेल आणि तुमची शुगरही ताळ्यावर असेल, अशी आशा आहे. (नसेल तर सरला सध्या तिथे आहेच, साखरेचा डबा कुठे लपवायचा हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही.) पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण फोन केला की तुम्ही उचलता आणि तुमची बहीण आंघोळीला गेली म्हणून सांगता. आठ दिवसांत तिच्या अकरा आंघोळी झाल्या. नागपूरला पाण्याची एवढी चंगळ असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. तिने तिची बाजू सांगितली असेलच, आता माझी ऐका. ऐकून झाल्यावर तुम्ही स्वतः तिला रायपूरच्या गाडीत बसवाल, याची मला खात्री आहे.

विमान तुम्हाला माहीत आहे. एकावर एक पंखांचं, नव्वद वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरचं, खोक्यांतून सुटं आलेलं आणि शंकर नगरच्या आमच्या गॅरेजात पावणेतीन वर्षं जुळवलेलं. (गाडी तेव्हापासून रस्त्यावर उभी असते. शेजारी त्यावर बोलतात, मी ऐकत नाही.) सांगाडा माझा, पंखांचं कापड सरलाचं. पंखाच्या आत लाकडी बरगड्या असतात, त्यांना ते कापड मेणाच्या दोऱ्याने चार-चार बोटांवर गाठ मारून शिवावं लागतं. चार पंखांना मिळून दोन हजार तीनशे बारा गाठी. सात महिने तिने दुपारची झोप सोडली. एक गाठ वाकडी नव्हती. विमान उडालं की पुढच्या सीटवर पहिली तीच बसणार, हे आमचं ठरलेलं होतं.

आता मी चौतीस वर्षं मालगाडीचे डबे दुरुस्त केले. माझ्या हातून गेलेला डबा दुरुस्तीला परत आला नाही, हे कारखान्यात आजही कोणीही सांगेल. अशा माणसाला बोटभर जाडीचं लाकूड दाखवून यावर दोन माणसं आकाशात न्या म्हटलं, तर त्याला झोप कशी यावी? मी प्रत्येक जोडाला लोखंडी पट्टी ठोकली. (सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यातून आणलेली, अस्सल.) सरला म्हणाली, "हे काहून ठोकून राहिले तुम्ही? नकाशात तं नाही हे." मी म्हणालो, नकाशा काढणारा परदेशी माणूस, त्याने आपल्याकडची वावटळ पाहिलेली नाही. ती पट्ट्यांवरून कापड शिवून मोकळी झाली. तिच्या गप्प बसण्यानेच मी सावध व्हायला हवं होतं.

मागच्या महिन्यात पंख सुटे करून विमान ट्रकवर घातलं आणि गावाबाहेरच्या धावपट्टीवर नेलं. यशदीप सर (वयाने पोट्टाच आहे, पण पायलट म्हणून सर) म्हणत होते की आधी वजन करू. मी म्हणालो, आधी धावू तर द्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. विमान धावलं, दादा, इतकं सुंदर धावलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत ना हादरा ना खडखड, आणि चाकं जमीन सोडायला तयार नाहीत. तीनदा धावलं. शेवटी सर खाली उतरले आणि अदबीने म्हणाले, "अंकल, गाड़ी बहुत मज़बूत बनी है." वजन केलं तेव्हा नकाशापेक्षा अठ्ठ्याऐंशी किलो जास्त भरलं.

पट्ट्या काढायच्या तर कापड उघडणं आलं. आठ-नऊ दिवसांपूर्वी, रविवारी सरला विहारात कार्यक्रमाला गेली होती. विचारून तिचा जीव कशाला दुखवा, म्हणून मी विचारलं नाही, ब्लेड घेतलं. संध्याकाळी ती परतली तेव्हा चारही पंख उघडे पडले होते आणि दोरे टोपलीत होते. ती ओरडली नाही. टोपलीत हात घालून दोरे चाचपत ती म्हणाली, "एक वेळ विचारलं असतं, तं मीच उसवून दिलं असतं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती तुमच्याकडे आली.

आता पट्ट्या निघाल्या आहेत, विमान हलकं झालं आहे आणि शिलाई मी स्वतः शिकलो आहे. हात चांगला बसला आहे. तेव्हा सरलाने घाई करण्याचं काहीच कारण नाही. माहेरी हवं तेवढं राहू द्या.

आपला,
नीलकंठ

ता. क. हात बसला आहे असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. आठ दिवसांत चाळीस गाठी झाल्या, त्यातल्या एकतीस सरांनी उसवायला लावल्या. स्वतःच्या एकतीस उसवताना माझे डोळे भरून आले, आणि तिच्या मी दोन हजार तीनशे बारा कापल्या. घाई नाही हेही खरं नाही. हे सगळं मला तिलाच सांगायचं आहे. कृपा करून एकदा फोन तिच्या हातात द्या.

आणखी एक ता. क. पंख शिवायची लांब वाकडी सुई ती सोबत घेऊन गेली आहे. मी पोती शिवायच्या दाभणावर भागवतो आहे. नवी सुई मागवली तर चार दिवसांत घरपोच येते. मी मागवलेली नाही, एवढं तिला सांगा.