इस्त्री केलेलं बोलणं

प्रिय विसरभोळ्या नातीस,

आजी नावाची एक बाई अजून जिवंत आहे, हे कळवायला हे पत्र. दोन महिने फोन नाही. कोणत्या गायिकेने कोणत्या साली काय गायलं ते तुझ्या तोंडपाठ, माझा नंबर तेवढा डोक्यातून गेला. लिहितायत शेजारच्या टायपिस्टबाई. त्यांना बजावलंय, मी बोलेन तेच उतरवायचं. साहेबांची पत्रं सुधारण्यात जन्म गेला, हाताला खोड लागलीय. आत्ताच 'जिवंत'च्या जागी 'हयात' लिहून मोकळ्या झाल्या होत्या. वाचून दाखवायला लावलं म्हणून सापडल्या.

तू का तोंड लपवून बसलीयस, ते तुझ्या आईकडून कळलं. त्या गाणाऱ्या मुलीची तू घेतलेली मुलाखत तुमच्या इंग्रजी वर्तमानपत्रात आली, आणि ती सांगत सुटली की हे माझं बोलणंच नाही. तुझे संपादक येत्या रविवारी छापणार आहेत, की आमची वार्ताहर शब्दन् शब्द खरा लिहिते, गायिकाच उलटली. शब्द तू बदललेस हे त्यांना ठाऊक नाही. सांगितलं तर तुझं सदर जाईल, म्हणून तू गप्प.

इंग्रजी मला किती येतं ते तुला माहीत आहे. 'ओके' आणि 'सॉरी', त्यातला दुसरा मी वापरत नाही. पण गेल्या खेपेला तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावत होतीस, तेव्हा मी समोर मटार सोलत होते. ती गाते तशीच बोलते. गॉना, वॉना, काइंडा, यू नो. शब्दांची शेपटं खाते, मध्येच हसते. आईबद्दल विचारलंस तिथे तर तिचं 'यू नो' चारदा आलं, आणि मग नुसता श्वास. एक अक्षर न कळता माझा हात थांबला. ती काय म्हणतेय ते तूच मला सांगितलंस: "म्हणजे, गेलीच ती. अशीच, कळलं ना? भांडी पण तशीच पडली होती." आणि छापून काय आलं? तुझ्या आईने अर्थ सांगितला: मातेचे शांतपणे निधन झाले व घराची जबाबदारी माझ्यावर आली. अगं, हे कोण बोललं, मंत्री?

वाईट मनाने केलं नाहीस, जाणते मी. वेल्डरची पोर, शाळा अर्धवट सुटलेली, लोक हसतील म्हणून तू तिच्या बोलण्याला इस्त्री केलीस. तेच शब्द गाण्यात आले की लोक माना डोलवतात, वर्तमानपत्रात आले की नाकं मुरडतात. मुरडू देत की. नाकं त्यांची.

आता टायपिस्टबाई, हात थांबवू नका. तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगी होती, हे तू उडत उडत ऐकलं असशील. ती तापाने फणफणली तेव्हा तुझे आजोबा दूर खाणीवर होते. मी पोस्टातल्या कारकुनाला सांगितलं, लिहा, "पोर डोळे उघडत नाही. मला भीती वाटते. आहात तसे निघून या." कारकून भला माणूस. साध्या बाईचं पत्रही शिकलेल्या बायकांसारखं नीट दिसावं, म्हणून त्याने लिहिलं, कन्येची प्रकृती किंचित नरम आहे, सवडीने यावे. आजोबा सवडीने आले. खिशातला कागद त्यांनी वाचून दाखवला, तेव्हा मला कळलं. हे मी म्हटलं नव्हतं, असं सांगितलं असतं तर ते उठून त्या कारकुनाच्या दारात गेले असते. मी गप्प राहिले. शेवटपर्यंत ते समजत होते, की बायको मोठी धीराची. तू गप्प बसू नकोस. रविवारच्या आत संपादकांसमोर उभी राहा, शब्द मी बदलले म्हण, आणि ती बोलली तशी तिला छाप. सदर गेलं तर घरी ये, मटार अजून शिल्लक आहेत.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी

ता. क. बिस्किटं पाठव. मऊ बघून घे, माझ्या दातांनी राजीनामा दिलाय. एक पुडा टायपिस्टबाईंसाठी वेगळा बांध, त्या डोळे पुसत बसल्यात.