मनिलावाल्या कंपनीचं डोळ्यांचं शिबिर

अजमान, यूएई

सौ. कावेरीस, मनापासून आठवण.

तुला कळवलं नव्हतं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. आमची कंपनी फिलिपिनो. नफ्यातला वाटा लोकांसाठी काढायची त्यांची रीत. तिकडे शाळा बांधतात, यंदा इथे कामगारांसाठी डोळ्यांचं शिबिर भरवलं.

मला वाटलं, म्हाताऱ्यांना हुडकून घरी धाडायचा बेत असणार. फोरमनने ओढतच नेलं. शिबिरातली नर्स हसून म्हणाली, "अंकल, जॉब नो खलास. कॅटरॅक्ट खलास."

तसंच झालं. ऑपरेशन फुकटात झालं, नोकरीही आहे. जीव भांड्यात पडला.

पण काल व्हिडिओ कॉलवर तू मला नीट दिसलीस. केवढी वाळलीस गं. आता सूनबाईला घेऊन डॉक्टरकडे जा, आणि काय असेल ते खरं सांग.

तुझाच,
किसन