आखाती आवृत्तीची साठ गणितं

१२ ऑक्टोबर, रविवार
आले एकदाचे! जर्मनीचे प्रोफेसर ऑटफ्रीड क्रामर आमच्या कॉलेजात. पुण्याला बी.एस्सी.त ज्यांच्या जाडजूड पुस्तकानं माझी झोप उडवली, तेच हे. तिकडे वय झालं म्हणून निवृत्त केलं, तर रुसून मस्कतला! आल्या आल्या स्टाफरूमच्या खिडक्या सताड उघडल्या. "ताजी हवा!" बाहेर अडतीस डिग्री. एसी बिचारा धापा टाकत होता.

२० ऑक्टोबर
पुस्तकाची आखाती आवृत्ती निघणार. महाशयांच्या गणितांत बर्फ वितळतो, लोक स्कीइंग करतात. इथल्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो ज्यूसमध्ये! नवी साठ गणितं मी रचायची. कव्हरवर नाव कुणाचं, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

२१ ऑक्टोबर
एकनाथ म्हणतो, "सरळ सांग ना, माझं पण नाव टाका. खलास!"
ह्या माझ्या नवऱ्याच्या वादी कबीर भागातल्या गॅरेजात चालत असेल तसं. नाव काय असं तोंडानं मागायचं असतं? समोरच्याला कळायला नको? पण हवंय मला. फार हवंय. सगळा जन्म दुसऱ्यांची पुस्तकं शिकवण्यात चाललाय.

१६ नोव्हेंबर
साठही झाली. खजुराची बाग, मत्रा बंदरातली होडी, वादीला – इथल्या कोरड्या ओढ्याला – पावसात येणारा लोंढा. महाशयांनी सोडवून पाहिली. लोंढ्याच्या गणितात दोनदा चुकले आणि पेनला दोष दिला. मग "सुपर!" नावाबद्दल चकार शब्द नाही. मी सूचक खोकले. त्यांनी खिडकी उघडली.

७ डिसेंबर
मदिनत सुलतान काबूस भागात महाशयांच्या घरी कॉफी. बायको आली आहे – हिल्ट्रुडबाई. माझी गणितं चाळून हसल्या. "जुन्या पुस्तकातली सगळी मी केली. तो फक्त थिअरी लिहायचा. नाव? मी मागितलं नाही, त्यानं विचारलं नाही."
एवढे थोर प्रोफेसर, आणि अर्धं पुस्तक बायकोचं! संताप झाला नुसता.

८ डिसेंबर
आज तोफ डागली. "सर, हिल्ट्रुडबाईंनी जन्मभर गणितं रचली आणि कव्हरवर नाव नाही, हे बरं दिसतं का?" स्वतःबद्दल अक्षर काढलं नाही. आपण बोलायचं एकीबद्दल, समोरच्यानं समजून घ्यायचं दुसरीचंही – आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं! महाशय लालबुंद. मग म्हणाले, "यू आर राइट. ही चूक मी सुधारणार."
जिंकले! घरी येऊन शिरा केला. एकनाथ विचारतो, "पण तुझं नाव घेतलंस का तू?" ह्याला सगळं फोडून सांगावं लागतं.

१८ जानेवारी
कव्हर आलं. दोन नावं आहेत – ऑटफ्रीड क्रामर आणि हिल्ट्रुड क्रामर. बाईंचे डोळे भरून आले होते, माझा हात सोडेनात. "हे फक्त तुझ्यामुळे, प्रभावती!"
मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं!"