तेरा पायऱ्या आणि दोन सेनेटर

आदरणीय अलोंझोमामा,

थॅडियसचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? वर्निसमामींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे सगळे बरे आहेत. (सगळे म्हणजे आजी आणि मी. मी तितकासा बरा नाही, पण ते पुढे येईल.) समोरच्या घरात राहणाऱ्या मामाला भाचा टपालाने पत्र का पाठवतो, असं पोस्टमनलाही वाटेल. पण फोन करावा तर आजी समोर बसून ऐकते, आणि मी स्वतः यावं तर खिडकीतून बघते. ईस्टर्न अव्हेन्यूची हद्द ओलांडून मी मेरीलँड राज्याच्या फुटपाथवर पाय ठेवला की ती मोठ्याने म्हणते, "हा दुसरा चालला." पहिले तुम्ही. अकरा वर्षं झाली, पण ती अजून मोजते. त्यातून ईस्टरच्या जेवणात आपल्या शहराला राज्याचा दर्जा मिळावा या तिच्या अर्जाला तुम्ही "रद्दी" म्हणालात, तेव्हापासून तुमचं नाव निघालं की ती भांडी जरा जोरात ठेवते.

तुमचं पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरची खोली, लागून संडास, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत माझ्या आईला घेऊन ये, हे सगळं मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. ऑगस्टमध्ये ती जिन्यावरून घसरली तेव्हापासून मलाही रात्री झोप लागत नाही. आपला संडास वर आहे आणि पायऱ्या तेरा आहेत. (मी मोजल्या आहेत. बारावी हलते.) आजीने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निकाल दिला. संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, आपल्या राजधानीच्या शहराला राज्याचा दर्जा द्यायचा की नाही यावर सुनावणी होणार आहे. तिथे ती समोर बसणार. राज्य नाही म्हणून आपल्याला सेनेटर नाहीत; ते हो म्हणाले तर सेनेटर इथेच येतील, मग हलायचं कारण नाही. नाही म्हणाले तर ती गुपचूप बॅग भरून तुमच्याकडे येईल आणि उरलेलं आयुष्य तुमच्या मतदारसंघात काढेल. "पण काय ते मला तोंडावर सांगू दे," म्हणाली. म्हणजे काहीही होवो, तिला त्या दालनात बसवलं की प्रश्न मिटणार होता. मला हे फार सोपं वाटलं, ही माझी पहिली चूक.

मामींनी मागे विचारलं होतं की मी नक्की काय काम करतो. मी रांगेत उभा राहतो. मोठ्या कचेऱ्यांतल्या लोकांना सुनावणीला बसायचं असतं, पण जागा थोड्या आणि पहाटेपासून उभं राहायची त्यांना सवय नाही. म्हणून आमची कंपनी माणूस उभा करते. मी त्यांच्या नावाचं कार्ड छातीशी धरून उभा राहतो, दार उघडायच्या आधी ते येतात, मी बाजूला होतो. शाळा दहावीत सोडलेल्या माणसाला याहून स्वच्छ काम मिळत नाही. नियम नऊ आहेत आणि मला पाठ आहेत. नियम चार : विषयाबद्दल मत देऊ नये. नियम सात : जागा कार्डावरच्या माणसाखेरीज कोणालाही देऊ नये. त्या दिवसाची मी सुट्टी मागितली होती. ती मिळाली नाही, उलट एका खोलीचा नंबर मिळाला. पहाटे पाचला तिथे पोचून चौथा उभा राहिलो, आणि माझ्यामागे "एक्कावन्नावं राज्य" लिहिलेले सदरे गोळा व्हायला लागले तेव्हा कळलं की मी आजीच्याच सुनावणीला उभा आहे, आणि माझ्या हातात श्री. व्हिटलॉक यांचं कार्ड आहे, ज्यांना त्यांचं कार्यालय आपल्याला राज्य मिळू नये म्हणून पगार देतं.

आजी पावणेसातला चर्चच्या बायकांबरोबर आली. तिचा नंबर एकाहत्तर. आत बाहेरच्यांसाठी खुर्च्या चोवीस. मी नजर चुकवायचा प्रयत्न केला, पण आपल्या चर्चच्या ओडेसाबाईंची नजर तुम्हाला ठाऊक आहे. त्या तिथूनच म्हणाल्या, "अर्नेस्टीन, तुझा नातू बघ. दुसऱ्याच्या बुडाला खुर्ची मिळावी म्हणून स्वतःचे पाय मोडून घेतोय." सत्तर माणसं वळून बघायला लागली. आजी काठी टेकत पुढे आली, कार्ड वाचलं, पाठ केल्यासारखं दोनदा, आणि चष्मा पुसायला घेतला. हे फार वाईट असतं. मी माझं घडीचं स्टूल तिला दिलं. (स्टूल देऊ नये असा नियम नाही. मी मनातल्या मनात नऊही तपासले.) तीन तास ती माझ्या शेजारी बसली आणि मी तिच्या बाजूला उभा राहून दुसऱ्याची जागा राखली. मामा, इतका घाम मला उन्हाळ्यात आला नव्हता.

दहाला दहा कमी असताना व्हिटलॉक आले. मला वाटलं होतं कोणीतरी जाडजूड, घड्याळ दाखवणारा असेल. निघाला माझ्याच वयाचा, कान लाल, बुटाची एक नाडी सुटलेली. आजीने त्याला विचारलं, "बाळ, तू मूळचा कुठला?" त्याने पश्चिमेकडच्या एका राज्याचं नाव सांगितलं. "माणसं किती तिथे?" त्याने आकडा सांगितला आणि सांगतानाच त्याचा आवाज बारीक झाला, कारण आकडा आपल्या शहरापेक्षा लहान होता. "आणि सेनेटर?" "दोन, मॅडम." आजी काळजीने म्हणाली, "पुरतात का रे तुम्हाला?" मागे ओडेसाबाई खोकल्या. तो खाली वाकून नाडी बांधत राहिला, बराच वेळ. मग उठला आणि म्हणाला, "आजी, तुम्हीच जा आत. मला फक्त सुनावणीचा अहवाल द्यायचाय, आणि तो मी काल लिहून ठेवलाय." दार उघडलं. आजी त्याचं कार्ड हातात घेऊन श्री. व्हिटलॉक म्हणून आत गेली. माझ्यावर देखरेख करणाऱ्या कंपनीच्या बाई तेवढ्यात कोपऱ्यावरून आल्या. नियम सात. सोमवारपासून येऊ नकोस म्हणाल्या. मी नियम सातमध्ये "कार्डावरच्या माणसाने स्वतः जागा सोडल्यास" असं काहीच लिहिलेलं नाही हे नम्रपणे दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, तेही त्या आता लिहून घेतील.

आजी पावणेतीन तासांनी बाहेर आली. मी धावत जाऊन विचारलं, हो की नाही? ती म्हणाली, आधी मला बसू दे. मग सांगितलं ते असं. समोर उंचावर चाळीसेक खुर्च्या होत्या आणि सुरुवातीला त्यांवर नऊ माणसं. एकेक जण आतल्या दाराने यायचा, पाच मिनिटं बोलायचा आणि दुसऱ्याचं न ऐकता जायचा. एकाला काळजी होती की नव्या राज्यात लोक गाड्या कुठे लावणार. एक म्हणाला, ज्यांना सेनेटर हवा त्यांनी रस्ता ओलांडून मेरीलँडमध्ये राहायला जावं. ("अगदी अलोंझो बोलला," आजी म्हणाली. "हनुवटीसुद्धा तशीच हलवत होता.") शेवटी चारच उरले, अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि विषय पुढे ढकलला, तारीख मागाहून कळेल. "बाहेर सत्तर माणसं उभी," ती म्हणाली, "आणि आत छत्तीस खुर्च्या रिकाम्या. मला वाटलं, उठून एकीवर बसावं. कोणाला कळलंही नसतं." मी बसमध्ये तिला समजावलं की याचा अर्थ 'नाही' असाच होतो. तिने हाफ-स्मोक सॉसेजचा घास गिळला आणि म्हणाली, "पोरा, नाही म्हणायला थांबावं लागतं. ते थांबलेच नाहीत."

तर मामा, 'हो' नाही, 'नाही'ही नाही. म्हणून आजी हलणार नाही. घरी पोचल्यावर तेरा पायऱ्या चढायला तिला अकरा मिनिटं लागली. मी मागे दोन्ही हात पसरून उभा होतो. तुमच्या खोलीबद्दल तुमचे फार आभार. ती भाड्याने देऊन टाकावी. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा भाचा,
थॅडियस पिंकनी

ता. क. आजीचा पलंग मी खाली आणला आहे. आता जिन्याखालच्या कपाटाच्या जागी एक संडास बसवता आला तर वर चढायलाच नको. कपाट मी मोजलं : एक बाजू पाच फूट, दुसरी साडेतीन. तुम्ही तीस वर्षं नळकाम करता म्हणून विचारतो. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण आधी सगळं सांगणं बरं वाटलं.

ता. क. २. तुमचा नळकामाचा परवाना मेरीलँडचा आहे, तो इथे चालत नाही, हे मी अर्ज आणून वाचलं आहे. आजीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सेनेटर निवडायची मला मुभा नाही, आणि संडास कोण बसवतो ते मात्र मी सरकारला विचारायचं?" तरी हत्यारं केकच्या खोक्यातून आणलीत तर माझ्या जिवाला शांतता मिळेल.

ता. क. ३. वरचं सगळं आजीने वाचलं. तुम्ही यायला तिची हरकत नाही. रताळ्याचा गोड 'पाय' भाजते म्हणाली. मात्र दारात ती तुमच्या दोन्ही सेनेटरांची नावं विचारणार आहे. सांगता आली तर आत, नाहीतर हत्यारं ठेवून परत. मी तिला म्हटलं, मामा अकरा वर्षं तिथे राहतो, त्याला येणारच. ती हसली. ईस्टरनंतर पहिल्यांदा. मामा, मी नावं या कागदावरच लिहून दिली असती, पण पाकीट ती स्वतः बंद करणार आहे. कृपा करून निघण्याआधी वर्निसमामींना विचारा.